अठरा हजार द्राम

ग्युमरीत फेब्रुवारी, खिडकीच्या आतल्या अंगाला बर्फाची साय,
आणि माझा संगणक म्हणतो
आज एक जानेवारी दोन हजार नऊ.
रोज सकाळी हेच म्हणतो.
त्या साली अरुत्युन घरीच होता,
म्हणून कधीकधी तारीख बदलायला मी उशीर करते.

तीन दुकानांचे हिशेब याच्या पोटात:
एक बेकरी, एक चपला शिवणारा,
आणि एक फुलवाली, जिचं सगळंच उधारीवर.
करखात्याचा नवा प्रोग्राम आला तेव्हापासून
हा धापा टाकतो.
भिंतीपलीकडच्या सिरानुशला वाटतं
आम्ही रात्री दळण दळतो.

बटण दाबलं की सात मिनिटं.
तेवढ्यात सासरे नार्दीचा पट उघडतात,
सोंगट्या लावतात. एक हरवलीय,
तिच्या जागी ओव्हरकोटाचं बटण.
अर्धा डाव होतो.
लाकडावर फासे खडखडतात, पेटीत डिस्क खडखडते.
कोण आधी, कोण नंतर, कळत नाही.

नवा घ्यायचा तर अरुत्युनचे समारातले दोन पगार.
फोनवर म्हणाला, घे.
म्हणाला आणि खोकला.
मी डबा उघडला: अठरा हजार.

येरेवानला जाऊन यायचं भाडंच तीन हजार,
म्हणजे दार ओढलं तेव्हाच पंधरा.
दुकानातल्या पोराला मशीनचं नाव सांगितलं
तर तो हसला, वाईट नाही, पण हसला.
तीन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड पुढे केलं.
नाकापेक्षा मोती जड. पुढचं दाखव.

सगळ्यांत लहान सॉलिड स्टेट डिस्क, साडेआठ हजार.
मेमरीची जुनी पट्टी मी रुमालात बांधून नेली होती,
किल्ली करायला जुनी किल्ली नेतात तशी.
पहिली पट्टी: खाच जुळेना.
दुसरी: खाच जुळेना.
तिसरी त्यानं तळाच्या खोक्यातून काढली, धुळीसकट.
चार हजार म्हणाला. साडेतीन दिले.
पंख्याखाली लावायचा मलम, सहाशे.
गोल बॅटरी, तीनशे. ती त्यानं नुसत्या कागदात गुंडाळली.
उरल्या एकवीसशेत सासऱ्यांच्या डोळ्यांचे थेंब.

त्सोलाक दोन संध्याकाळी आला.
मोज्यांच्या कारखान्यात यंत्रं लावायचा तो,
काम करताना बोलत नाही.
पहिल्या रात्री जुन्या डिस्कमधलं नवीत ओतायला ठेवून गेला,
दुसऱ्या रात्री पट्टी बसवली, बटण दाबलं.
तीन लांब शिट्ट्या.
पडदा काळा.
माझ्या पोटात साडेतीन हजारांचा गोळा.

खोडरबर आहे का, एवढंच विचारलं त्यानं.
मुलीच्या कंपासपेटीत होतं, द्राक्षाच्या वासाचं, एका बाजूनं चावलेलं.
पट्टीचे पिवळे दात त्यानं घासले,
हलक्या हातानं, पुढून, मग मागून.
खोडरबर काळं पडलं.
जुनं ते सोनं, पण घासावं लागतं,
हे मी मनात म्हणाले. तो काहीच म्हणाला नाही.

वीस सेकंद.
तारीख बरोबर. साल बरोबर.
पंखा आहे की नाही म्हणून मी कान लावला.

सासऱ्यांनी नुकता पट उघडला होता,
सोंगट्यांची पहिली रांगसुद्धा लागली नव्हती.
त्यांनी पडद्याकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
झालं?
झालं.
मग खेळायचं कधी?

त्सोलाक पेटीचे स्क्रू आवळत होता.
टेबलावर जुनी बॅटरी पडली होती.
सासऱ्यांनी ती उचलली, बोटांत फिरवली,
थेंब घातलेल्या डोळ्याजवळ नेली,
पटावरचं कोटाचं बटण काढून खिशात टाकलं
आणि त्या जागी ती ठेवली, पांढऱ्यांत.

फेक, म्हणाले.

बेकरीचा हिशेब उघडून तयार होता.
मी फासे उचलले.